डाव्या दारानं गेलेला राजपुत्र

आमच्या तांबट आळीत हळू बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. दिवसभर दोन्ही बाजूंना हातोड्यांचा ठणठणाट. त्यात कुजबुजलं तर शेजारच्याला काय, स्वतःलाही ऐकू जायचं नाही. परगावचा पाहुणा आला की बिचारा दाराशीच थबकायचा. त्याला वाटायचं, घरात काहीतरी बिनसलंय. आत आई फक्त विचारत असायची, चहा टाकू का म्हणून.

अशा आळीत वाद निघाला की तो अर्ध्या नाशकाला ऐकू जाई. मी सांगतेय तो वाद चांगला पंधरवडाभर चालला, आणि तोही कशावरून? सिनेमातला एक राजपुत्र कुठल्या दारानं आत गेला यावरून. तुम्ही हसाल. मीही आता हसते. त्या वेळी मात्र त्या दारावर माझं पुण्याला जाणं अडून बसलं होतं, आणि मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

बोलपट येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मी सतरा वर्षांची होते आणि व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झाले होते. आळीतल्या मुलींत मीच पहिली, त्यामुळे माझं नाक जरा वरच असे. शाळेतल्या मोठ्या बाईंनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून सांगितलं होतं, "पोरीला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवा. राहण्याजेवण्याची सोय तिथंच आहे. दोन वर्षांत मास्तरीण होऊन येईल." अर्ज घरात येऊन देवाच्या फळीवर पडला होता. त्यावर फक्त अण्णांचा अंगठा उठायचा राहिला होता.

अंगठाच. अण्णांना लिहितावाचता येत नव्हतं. पण त्यांच्या नजरेला आळीत तोड नव्हती. जवाच्या दाण्याएवढा पोचा त्यांना चार हातांवरून दिसायचा. नवा कारागीर आला की त्याच्या हातात हातोडी द्यायच्या आधी ते त्याच्यापुढं एक घागर ठेवत आणि म्हणत, "पोचा कुठं आहे, दाखव." दाखवता आला तर माणूस ठेवायचा, नाहीतर चहा पाजून वाटेला लावायचा. डोळा खरा तर हात खरा, असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरं म्हणणं असं, की चूक झाली तर तोंडानं सांगायची. पोचा झाकून घागर गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्याचं ते तोंडही पाहत नसत. अर्जाबद्दल मात्र ते "रामाचा रथ होऊन जाऊ दे, मग बघू," एवढंच म्हणत.

मलाही दुकानात एक काम होतं. भांडी घेणाऱ्यांना त्यावर नाव घालून हवं असे, आणि घरात अक्षर येणारी मी एकटी. दुकानाच्या ओट्यावर बसून मी खडूनं नाव लिहायची आणि छोट्या छिन्नीनं टिंबाला टिंब लावत ते उमटवायची. माझ्या हातची नावं सायखेड्यापासून दिंडोरीपर्यंत घरोघरच्या मांडण्यांवर आहेत, असं मी तेव्हा ऐटीत सांगत असे.

त्या वर्षी रथाच्या दिवसांत गंगेच्या वाळवंटात सिनेमाचा तंबू आला. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. गावात पक्की थिएटरं होती, पण घरंदाज बायकांनी तिथं जायचं म्हणजे चार जणांचे चार प्रश्न. तंबूत ती भानगड नव्हती. तंबूच्या बरोबर मधोमध पडदा टांगलेला. एका बाजूला यंत्र आणि पुरुष, आणि पडद्याच्या पाठीमागं आम्ही बायका. त्यांनी आम्हाला पाहायचं नाही, आम्ही त्यांना पाहायचं नाही, चित्र मात्र दोघांनी पाहायचं. कापड कोरडं असलं तर आमच्या बाजूला चित्र अंधुक दिसे, म्हणून एक माणूस आमच्याकडं बादली घेऊन उभा असायचा आणि तांब्या-तांब्यानं पडद्यावर पाणी मारायचा. पहिल्या रांगेतल्या बायकांना फुकटात अंघोळ.

चित्र सुरू झालं ते नावांनी. आमच्या बाजूला अक्षरं उलटी दिसत होती. बायका म्हणाल्या, "अगं, तू शिकलेली ना, काय लिहिलंय?" मी उजवीकडून डावीकडं एकेक अक्षर जुळवत धडाधड वाचून दाखवलं. बायका कौतुकानं बघायला लागल्या आणि मी अशी फुगले की पहिली दोन गाणी माझ्या कानात शिरलीच नाहीत.

गोष्ट राजपुत्राची होती. राक्षसानं पळवलेल्या राजकन्येला सोडवायला तो निघतो. त्याच्याकडं उडती बाज असते, साधी सुंभानं विणलेली बाज. तिच्यावर बसून तो समुद्र ओलांडतो. समुद्रापलीकडं एक साधू भेटतो. साधू त्याला स्पष्ट बजावतो, "बाळ, गुहेला दोन दारं आहेत. डाव्या दारात राक्षस आहे, तिकडं जाऊ नकोस. उजव्या दारानं जा, राजकन्या भेटेल." राजपुत्र हात जोडतो, गुहेशी जातो, एका दारातून आत पाऊल टाकतो आणि थेट राक्षसाच्या तावडीत सापडतो. पुढं मारामारी, मग राजकन्या, मग लग्न.

आम्हा बायकांना त्या राजपुत्राचं पहिल्यापासूनच काही खरं दिसत नव्हतं. म्हातारी आई त्याला लाडू देते, तर गडी डाव्या हातानं खातो! आईनं पदर तोंडाला लावला. "राजाचा मुलगा आणि डाव्या हातानं जेवतो? कुणी वळण म्हणून लावलं नाही का ह्याला?" राजकन्येचा पदरही उजव्या खांद्यावर होता. आई म्हणाली, "गुजराथीण असेल." शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुजराथणीचा पदर पुढं येतो, हिचा मागं आहे." आईनं थोडा विचार केला आणि निकाल दिला, "मग परीलोकात तशी रीत असेल." त्यामुळे राजपुत्र गुहेशी आला आणि सरळ डाव्या दारात शिरला, तेव्हा आमच्यापैकी एकीलाही नवल वाटलं नाही. डाव्या हातानं जेवणारा माणूस डाव्याच दारानं जाणार. साधूचं ऐकलं नाही, भोगा फळं. आम्ही समाधानानं घरी आलो.

पुरुषांची मात्र झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानात संसद भरली. अण्णा आणि दोन कारागीर तर होतेच, पण मुख्य वक्ते कल्हईवाले चाचा. चाचांची भट्टी आमच्या ओट्याला लागूनच होती. नवसागराच्या धुरात डोळे चोळत ते बोलायचे आणि आवाजात अण्णांनाही हार जायचे नाहीत.

"मला एक सांगा," चाचा म्हणाले, "उडती बाज होती ना त्याच्याकडे? मग गुहेपर्यंत पायी कशाला गेला? खिडकीतून आत उडायचं, पोरगी बसवायची आणि चलो! दोन घंट्यांचा सिनेमा पाव घंट्यात खतम."

"बाज समुद्रकाठी ठेवली होती," एक कारागीर म्हणाला.

"का ठेवली? पहारा कोण देत होता? आमच्या मोहल्ल्यात रिकामी बाज बाहेर ठेवून दाखवा तुम्ही."

यावर बराच वेळ खल झाला. पण खरा घोळ पुढंच होता. साधूनं सांगितलं उजव्या दारानं जा. राजपुत्र मुकाट्यानं उजव्या दारानं गेला. आणि तरी राक्षस पुढ्यात! मग साधू खोटं का बोलला? एकाचं म्हणणं, साधूच राक्षस होता, वेष घेऊन बसलेला. चाचा म्हणत, साधू राजपुत्राची परीक्षा पाहत होता. घागर न्यायला आलेला सायखेड्याचा एक शेतकरी तर गाडी जुंपायचं विसरून तासभर बसला. "आवो, साधूच भोंदू व्हता," तो म्हणाला. "इथं तपोवनात काय कमी हायेत का? लय पाह्यले आसले." अण्णांना ते पटेना. साधूची वाणी खोटी ठरली तर गोष्टीला बूडच राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. बूड नसलेलं भांडं तांबटाला कसं चालेल?

दोन दिवस मी ओट्यावर बसून नावं घालत हे सगळं ऐकत होते. तिसऱ्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही.

"पण तो उजव्या दारानं गेलाच कुठं?" मी म्हणाले. "डाव्या दारानं गेला की!"

हातोड्या थांबल्या. आळीत हातोड्या थांबल्या की शांतता अशी काही कानावर आदळते की माणूस दचकतो. मग चाचा हसायला लागले, कारागीर हसायला लागले, आणि सायखेडकर तर मांडीवर थाप मारून.

"पोरी, आम्ही एवढे सगळे आंधळे का?" अण्णा म्हणाले.

"मी डोळ्यांनी पाहिलं. आईनं पाहिलं, काकूंनी पाहिलं. आणि लाडूसुद्धा डाव्या हातानं खाल्ला त्यानं."

"लाडू!" चाचांना हसता हसता ठसका लागला. "बेटी, लाडू त्यानं उजव्या हातानं खाल्ला. तुम्हा बायकांना काय सगळंच डावं दिसलं काय?"

इतकं स्वच्छ उत्तर चाचांच्या तोंडून बाहेर पडलं, साऱ्या दुकानानं ते ऐकलं, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही, हे आधीच सांगून टाकते.

अण्णांनी आईला बाहेर बोलावलं. आई म्हणाली, "हो बाई, डाव्याच दारानं." काकूही ठामपणे म्हणाल्या, डाव्याच. त्या दिवशी आम्हा बायकांची आघाडी भक्कम होती. पण दुसऱ्या दिवशी काकू म्हणायला लागल्या, "नक्की नाही बाई आठवत. डोळ्यांत पाणी उडालं होतं." यजमानांनी जेवताना काय ऐकवलं होतं देव जाणे. आणखी दोघीजणी गळाल्या. शेवटी आईनंही कच खाल्ली. पोळी लाटता लाटता म्हणाली, "ते एवढे सगळे म्हणतात तर तसंच असेल. आपल्याला काय करायचंय? कुठल्याही दारानं जाईना मेला." मला आईचा इतका राग आला की मी त्या दिवशी तिच्या हातची पोळी खाल्ली नाही. संध्याकाळी भूक लागल्यावर खाल्ली.

अण्णा खात्री करायला चाचांना घेऊन पुन्हा तंबूत जाऊन आले. उजवंच दार. मी म्हणाले, मीही पुन्हा बघून येते. "डोळा खरा असेल तर एकदा पाहिलेलं पुरतं," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. आळीतली पोरं मला पाहिलं की "डावं की उजवं?" असं ओरडायला लागली. पाण्याला गेले तर बायका पदराआड हसायच्या, त्यात काकू आघाडीवर.

आणि मग बाईंचा निरोप आला, की अर्ज सोमवारपर्यंत हातात पडला पाहिजे.

त्या दिवशी दुपारी अण्णांनी अर्ज फळीवरून खाली घेतला. शाईची डबीही काढली. ते म्हणाले, "मी पाठवायला तयार आहे. एकच सांग, त्या दिवशी मला नीट दिसलं नाही, माझी चूक झाली. एवढं म्हण, की उठवला अंगठा."

"अण्णा, पण मला दिसलं ते—"

"ऐक. दिसण्यात चूक कुणाचीही होते. माझीही होते. पण झालेली चूक धरून बसणारी मास्तरीण शंभर पोरींचं वाटोळं करेल. तसलं मी माझ्या हातानं कसं पाठवू?"

ते रागावले असते तर मीही रागावले असते आणि सोपं झालं असतं. पण ते शांतपणे, अगदी कळवळून बोलत होते. आई दाराआडून मला खुणा करत होती, म्हण, म्हणून टाक. नऊ शब्दांचं वाक्य होतं. पुणं त्या नऊ शब्दांपलीकडं उभं होतं. माझ्या जिभेवर ते आलंही. आणि मला एकदम ती घागर आठवली, कारागिरापुढं ठेवलेली. मला जिथं पोचा दिसतो तिथं तो नाही म्हणायचं, आणि तेही अण्णांनाच सांगायचं?

"मला डावंच दार दिसलं," मी म्हणाले आणि रडायला लागले.

अण्णांनी अर्ज घडी करून पुन्हा फळीवर ठेवला. शाईच्या डबीचं झाकण लावलं. तो गुरुवार होता.

शुक्रवारी मी दुकानात बसले होते, पण हाताला धड वळण नव्हतं. एका ताम्हणावर नाव घालायचं होतं. पत्रा पातळ, आणि माझा राग सगळा छिन्नीवर निघत होता. नाव घालून झालं आणि पाहते तो काय, टिंबं पत्र्याच्या पाठीमागं उठून आली होती. ती ठोकून बसवायला मी ताम्हण पालथं केलं. पाठीवर तेच नाव उलटं उमटलं होतं. शेवटचं अक्षर पहिलं, पहिलं शेवटचं, आणि प्रत्येक काना पुढचा मागं गेलेला.

अशी उलटी अक्षरं मी नुकतीच कुठंतरी वाचली होती.

मी ताम्हण तसंच मांडीवर धरून बसले. मग हळूहळू एकेक करून सगळं आठवायला लागलं. लाडू. डाव्या हातातली तलवार. राजकन्येचा पदर. परीलोकातली रीत! अक्षरं उलटी दिसतात हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, ती वाचून मी भाव खाल्ला होता. पण अक्षरं उलटी तर माणसंही उलटी, हे माझ्या शिकलेल्या टाळक्यात शिरायला बारा दिवस लागले. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली आणि त्याहून इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले. चाचांनी भट्टीवरून मान वर करून पाहिलं.

मी उरलेल्या तुकड्यांतला एक पातळ पत्रा घेतला. मधोमध माझं नाव घातलं. नावाच्या दोन्ही बाजूंना एकेक दार काढलं, आणि उजव्या दाराशी एक टिंबाटिंबांचा माणूस. जरा जास्तच जोरात ठोकलं. पत्रा नेऊन अण्णांच्या हातात दिला.

"माणूस कुठल्या दाराशी आहे?"

"उजव्या."

"आता पालथा करा."

अण्णांनी पत्रा पालथा केला. पुन्हा सुलटा केला. पुन्हा पालथा. त्यांची हातोडी मांडीवरून खाली सरकली तरी त्यांना कळलं नाही. मग त्यांनी चाचांना हाक मारली. चाचांनी पत्रा पाहिला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "या अल्लाह. लाडू!"

पण अण्णा अण्णाच. "पत्र्याचं पटलं," ते म्हणाले. "कापडाचं डोळ्यांनी पाहायला हवं."

रविवारी तंबूचा शेवटचा दिवस होता. पडद्यामागं पुरुषाला कोण जाऊ देणार? पण तंबूवाल्याच्या बत्तीची टाकी गळत होती, तिला अण्णांनीच डाख देऊन दिला होता, त्यामुळे तो नाही म्हणू शकेना. त्यानं डोकं खाजवून तोड काढली. "बायकांच्या बाजूला पुरुष एकच असतो, पाणी मारणारा. बादली घ्या आणि व्हा आत."

अशा रीतीनं तांबट आळीतले सर्वांत जाणते गृहस्थ, डोक्याला लाल पागोटं, धोतर वर खोचलेलं, एका हातात बादली आणि एका हातात तांब्या घेऊन बायकांच्या बाजूला उभे राहिले. ओळखीच्या बायकांनी लगबगीनं पदर सावरले. काकू तर आईच्या पाठीमागंच लपल्या. अण्णांनी कुणाकडंही पाहिलं नाही. ते बायकांकडं पाठ आणि पडद्याकडं तोंड करून चित्र सुरू व्हायची वाट पाहत उभे राहिले.

राजपुत्रानं डाव्या हातानं लाडू खाल्ला. अण्णांचा तांब्या बादलीतच राहिला. राजकन्या आली. पडदा वाळत चालला, चित्र विरायला लागलं, बायका ओरडल्या, "अहो, पाणी! पाणी मारा!" अण्णांनी भानावर येऊन एक तांब्या असा भिरकावला की समुद्रावरून उडणारी बाज सगळी भिजली. साधू आला, साधूनं बजावलं. राजपुत्र गुहेशी उभा राहिला.

"डावीकडनं!" अण्णा आळीतल्या आवाजात गरजले. "डावीकडनंच गेला रे!"

पडद्यापलीकडून पन्नास पुरुष ओरडले, "उजवीकडनं!" पुन्हा अण्णा, "डावीकडनं!" मग चाचांचा खणखणीत आवाज आला, "कौन? अण्णा? तुम्ही बायकांत काय करताय?" तंबूत असा हशा उठला की राक्षसाची मारामारी कुणी पाहिलीच नाही. अण्णाही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बादलीतलं नव्हे.

घरी परतताना वाळवंटातून चालता चालता अण्णा थांबले. बरोबर आळीतले सात-आठ जण होते, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी. पोरीला जे दिसलं ते तिनं सांगितलं. मी पलीकडं जाऊन पाहिलं नव्हतं." मग माझ्याकडं वळून, "आता तू सांग. राजपुत्र गेला कुठल्या दारानं?"

"खरं म्हणजे उजव्या," मी म्हणाले. "यंत्र तुमच्या बाजूला होतं. दिसलं बरोबर, पण दार चुकलं माझं."

ते नुसते "हं" म्हणाले. पण अंधारातही मला कळलं, स्वारी खूश झाली होती.

"थांबा," चाचा म्हणाले. "म्हणजे आमचंच दार खरं. मग साधू खोटं का बोलला, ते तर राहिलंच की!"

सगळे पुन्हा वाळूतच थांबले. अण्णांनी बराच विचार केला आणि शेवटचा निकाल दिला. सिनेमावाल्यांकडून दारं बसवताना चूक झाली. बायकांच्या बाजूनं पाहिलं तर साधू खरा, राजपुत्र उनाड, आणि गोष्टीला बूड. पुरुषांच्या बाजूनं पाहिलं तर सगळं गळकं. तेव्हा सिनेमा म्हणून बायकांचाच बरोबर. काकू लगेच म्हणाल्या, "मी पहिल्यापासून सांगत होते, डावंच दार." त्यावर आईनं काकूंकडं जे पाहिलं, ते मी जन्मभर विसरणार नाही.

सोमवारी सकाळी, दात घासायच्याही आधी, अण्णांनी अंगठा उठवला. इतका दाबून, की शाई पुढच्या कागदावर उतरली.

जूनमध्ये मी पुण्याला निघाले. मोटार सुटायच्या ठिकाणी अर्धी आळी जमली होती आणि तिथंही ओरडूनच बोलत होती. आईनं ट्रंकेवर वळकटी ठेवली. चाचांनी एक कल्हई केलेली लखलखीत वाटी दिली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवल्यावर अण्णांनी उपरण्याखालून एक पितळी डबा काढला. आत डिंकाचे लाडू. डबा त्यांनी स्वतः घडवला होता, ते मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की त्याच्या झाकणावर टिंबाटिंबांनी माझं नाव होतं.

"नाव मी घातलंय," अण्णा म्हणाले. एरवी आपली घागर गिऱ्हाइकासमोर छातीठोकपणे आपटून दाखवणारा माणूस, पण आता आवाज अगदी खाली गेला होता. अण्णांना हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "तुझ्या त्या दारांच्या पत्र्यावरून. चार रात्री खपलो. बघ, बरोबर आलंय ना?"

मी पाहिलं. नाव उतरवताना त्यांनी तो दारांचा पत्रा पालथा समोर ठेवला होता. एकेक टिंब जागच्या जागी, ओळ सुतात, आणि सबंध नाव उलटं.

ते माझ्या तोंडाकडं पाहत होते. घागर पुढं ठेवून कारागिराकडं पाहत तसे नाही. पुढं ठेवलेल्या घागरीकडं परीक्षा देणारा कारागीर पाहतो, तसे.

छिन्नी धरायची सवय नसलेला त्यांचा हात जड पडला होता. मी झाकण काढलं आणि पालथं केलं. आतल्या बाजूला टिंबं उठून आली होती, आणि तिथं माझं नाव होतं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, सुलटं.

"बरोबर आलंय, अण्णा," मी म्हणाले, आणि त्यात तिळाएवढंही खोटं नव्हतं.